मोगलाई व इंग्रजी मुलूख : दोन राज्यांतील योगक्षेम

दोन राज्यांतील प्रजेच्या सुखाची तुलना करावयाची तर माप कोणतें घ्यावें, हा पहिला प्रश्न. आपल्या भाष्यकारांनीं 'योगक्षेम' या शब्दाची फोड करून त्याचें उत्तर देऊन ठेविलें आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळणें हा योग, आणि मिळालेलें सुरक्षित राहणें हा क्षेम. हैदराबाद संस्थान, ज्यास आमच्याकडे मोगलाई म्हणत, व त्याच्या शेजारचा इंग्रजी मुलूख यांचा या दोन मापांनीं विचार प्रस्तुत टिपणांत नांदेड व लातूर या भागांपुरता केला आहे.

नांदेडच्या उत्तरेस पैनगंगा, पलीकडे वऱ्हाड. इ. स. १८५३ पर्यंत दोन्ही तीरांवर निजामाचाच अंमल होता. त्या वर्षीं फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें, आणि १९०२ त कायमच्या पट्ट्यानें तें त्यांच्याकडेच राहिलें. माती तीच, कापूस तोच, भाषा तीच. बदलला तो अंमल. इतका स्वच्छ दाखला इतिहासांत क्वचितच सांपडतो.

प्रथम योग पाहूं. बार्शी लाइट रेल्वे १८९७ त सुरू झाली व १९११ त लातुरास पोंचली. मोगलाईंतील माल इंग्रजी हद्दींतील बार्शीकडे जाऊं लागला. वाटेंत करोडगिरीचा नाका होता, आणि नाणेंही बदले : सुमारें सात हाली रुपयांस सहा कलदार. इतकी अडचण सोसूनही लातूरची पेठ वाढली. उलट इंग्रजी मुलखांत रोख सारा व सावकारी कर्ज यांनीं कुणबी इतका पिचला होता कीं, १८७५ त सुपें येथें दंगा उसळला. १८७६-७८ च्या दुष्काळानें तर कोणतीच सरहद्द मानली नाहीं. सबब योगाच्या बाबतींत मोगलाई अगदींच मागें होती, असें म्हणवत नाहीं.

अंतर पडलें तें क्षेमांत. १९०१ च्या खानेसुमारींत संस्थानांत तेलुगु बोलणारे शेंकडा सुमारें ४६, मराठी २६, कानडी १४, व उर्दू १० होते. गांवदफ्तर पुष्कळ अंशीं मोडींत चाले. परंतु तालुका कचेरीपासून वर सर्व व्यवहार उर्दूंत. पलीकडे वऱ्हाडांत व सोलापुराकडे खालच्या कचेऱ्यांतून मराठी चाले. येथें मात्र आपल्याच शेताचा फैसला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. उस्मानिया विद्यापीठानें १९१८ त देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचें मोठें धाडस केलें, हें मान्य केलें पाहिजे. पण ती भाषा बहुसंख्य प्रजेच्या घरची नव्हती. सभा भरविण्यासही 'गश्ती निशाण ५३' अन्वयें परवानगी लागे. म्हणून हिप्परग्यास १९२१ त राष्ट्रीय शाळा निघाली, तिचें मोल मोठें. इंग्रजी हद्दींत जन्मलेले स्वामी रामानंद तीर्थ १९२९ त तेथें येऊन राहिले. मराठींत 'मोगलाई' हा शब्दच अंदाधुंदी या अर्थीं रूढ झाला, हा प्रजेनें दिलेला निवाडा होय.

१९४७-४८ त रझाकारांच्या भयानें कुटुंबेंच्या कुटुंबें बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे गेलीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. परंतु त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान प्रजेची जी प्राणहानि झाली, तीही येथें नोंदविली पाहिजे. सुंदरलाल समितीनें अधिक पीडित म्हणून सांगितलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद हे दोन होते. लातूर तेव्हां उस्मानाबादेंत मोडे. राज्य पालटलें म्हणजे क्षेम आपोआप येतो असें नाहीं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं पैनगंगेचे दोन्ही तीर मुंबई राज्यांत पुन्हां एका अंमलाखालीं आले. पुढें सप्टेंबर २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीचें काम सुरू होऊन निजामकालीन उर्दू व मोडी दफ्तरें पुन्हां उघडलीं, आणि तीं वाचणारे जाणकार हुडकावे लागले. पणजोबाच्या नांवाचा कागद हातीं असून पणतवास तो वाचतां येत नाहीं. पूर्वीं राजाची भाषा प्रजेस कळत नव्हती. आज पूर्वजांची लिपि वंशजांस कळत नाहीं. हें उणें भरून काढणें कोणत्याही सरकारापेक्षां आपल्यासारख्या मंडळांचें व शाळामास्तरांचें काम आहे. नांदेड व लातूर येथें मोडी व उर्दू वाचनाचा एकेक वर्ग जरी नियमानें चालला, तरी क्षेमाचा राहिलेला एक हप्ता फिटेल.