गुर्द्याचे कोडे कसे उलगडले?

वाचकहो, उन्हाळ्यात माणगंगेचे पात्र कोरडे पडले की वाळूत झिरा खणणे म्हसवडच्या माणसाला नवे नाही. हातभर वाळू उपसली की पाणी पाझरू लागते. वाळू मागे राहते, पाणी पुढे येते. आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असे सुमारे वीस लाख सूक्ष्म झिरे रात्रंदिवस चालू असतात. पुस्तकात त्यांच्या जागेला मूत्रपिंड म्हणतात, आपल्या घरांत गुर्दा. त्याचे काम नीट समजायला माणसाला सतराशेहून अधिक वर्षे लागली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने जिवंत प्राण्याच्या मूत्रपिंडातून निघणाऱ्या नळ्या दोऱ्याने बांधल्या. मूत्राशय रिकामेच राहिले. म्हणजे लघवी तयार होते ती मूत्रपिंडातच, हे त्याने सिद्ध केले. पण कशी? तेथे चाळणी आहे ही कल्पना त्याने धुडकावली आणि मूत्रपिंडाला पाणी खेचून घेण्याची अंगभूत शक्ती आहे, असे ठरवून टाकले.

पुढे हे शास्त्र अरबी भाषेत आले. अर्-राझी यांनी मूत्रपिंडातील व मूत्राशयातील खड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इब्न सिना (९८०–१०३७) यांनी ‘अल्-कानून’मध्ये लघवीचा रंग, गढूळपणा, वास यांवरून रोग कसा ओळखावा याचे सविस्तर विवेचन केले. युनानी हकीम काचेच्या बाटलीत कारूरा पाहत, ती हीच परंपरा. मात्र येथे एक स्पष्ट बोलले पाहिजे. स्मरणिकांतून कधी कधी असे लिहिले जाते की, आजचे सारे वैद्यक ‘कानून’मध्ये आधीच होते. ते खरे नाही. मूत्रपिंडाच्या कार्याबाबत इब्न सिना मुख्यतः गॅलेनच्याच मागे गेले. त्यांचे निरीक्षण अजोड होते. पण सूक्ष्मदर्शक यंत्राशिवाय पुढचे दार उघडणे शक्य नव्हते.

ते दार १६६६ मध्ये इटलीच्या मालपिगी यांनी किलकिले केले. मूत्रपिंडात त्यांना रक्तवाहिन्यांना लगडलेले बारीक गोळे दिसले. १८४२ मध्ये लंडनच्या बोमन यांनी दाखवले की, केशवाहिन्यांचा हा गुंता एका पेल्यासारख्या पिशवीत बसलेला असतो आणि त्या पिशवीतूनच लांब, वळणावळणाची नलिका निघते. त्याच सुमारास जर्मनीत लुडविग म्हणाले की, रक्ताच्या दाबाने पाणी येथे गाळले जाते व नलिकेतून जाताना त्यातले बरेचसे रक्तात परतते. हायडेनहाइन यांना हे पटेना. लघवीतील युरियाचा हिशेब जुळवायचा तर रोज कित्येक घागरी पाणी गाळावे लागेल, मग निसर्ग असा उलटा खटाटोप कशाला करील? वाद ऐंशी वर्षे चालला.

तो मिटला एका बेडकावर. १९२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्स आणि वर्न यांनी केसाहून बारीक काचेच्या नळीने त्या पेल्यातला थेंब काढल्याचे प्रसिद्ध केले. विद्यार्थी मित्रहो, हा प्रयोग मुद्दाम लक्षात ठेवा. थेंबात साखर व मिठाचा अंश सापडला. त्याच बेडकाच्या मूत्राशयातील लघवीत तो नव्हता. मग वाटेत तो गेला कोठे? नलिकेने परत घेतला!

हायडेनहाइन यांना अशक्य वाटलेला खटाटोपच खरा निघाला. आपल्या मूत्रपिंडांत दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तपेशी आणि प्रथिने मागेच अडतात. गाळलेल्यापैकी ९९ टक्के पाणी, बहुतेक मीठ आणि निरोगी माणसात जवळजवळ सगळी साखर रक्तात परत येते. बाहेर जाते ती दीड लिटर लघवी. रमजानच्या उन्हाळी रोज्यात दुपारी लघवी कमी व गडद होते, कारण मेंदूकडून आलेल्या संप्रेरकाच्या हुकमाने नलिका आणखी पाणी राखून ठेवतात. मधुमेहात साखर इतकी वाढते की, नलिकांना ती सारी परत घेता येत नाही व ती लघवीत उतरते. अनेक वर्षे साखर आणि रक्तदाब चढा राहिला तर ही गाळणीच निकामी होते. दुखत काही नाही, म्हणून घरचे वडीलधारे तपासणी पुढे ढकलत राहतात. पालकहो, रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने या दोन साध्या तपासण्या आहेत.

गाळणी बंद पडली तर? १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये कोल्फ या तरुण डॉक्टरांनी सॉसेजच्या वेष्टणासाठी वापरायची सेलोफेनची नळी ढोलाभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवले. पहिले बहुतेक रुग्ण दगावले; १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्यावर वाचली. आपल्याकडे ‘डायलिसिस’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो जयप्रकाश नारायण यांच्या आजारामुळे. १९७५ च्या नोव्हेंबरात स्थानबद्धतेतून सुटल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दिसले आणि १९७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते या यंत्राच्या आधारावर जगले.

हे यंत्र रक्त गाळते, पण शरीराला काय हवे ते क्षणोक्षणी ओळखून परत देणाऱ्या नलिका त्यात नाहीत. बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास त्यावर पडून राहावे लागते. आणि दोन खेपांच्या मध्ये प्यायचे पाणी पेल्याने मोजून घ्यावे लागते.