एका नगराचे दोन धनी

शहर कोण चालविते, हा प्रश्न शहरात राहणारा मनुष्य सहसा विचारीत नाही. नळाला पाणी येईनासे झाले, किंवा दारासमोरचा रस्ता खणून कोणी निघून गेले, म्हणजे मगच त्याला तो सुचतो. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात येते की या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाणी एकाच्या हाती, रस्ता दुसऱ्याच्या, जमीन तिसऱ्याच्या! ही स्थिती कशी निर्माण झाली हे पाहण्यास म्हैसूर शहरातील चामराजपुरम हे ठिकाण फार सोयीचे आहे. मराठी श्रोत्यांना ते दूरचे वाटेल; पण या कथेचा आरंभ मुंबईच्या मांडवी बंदराजवळ होतो, आणि तिच्यात मराठी बोलणारी माणसेही भेटतात.

म्हैसूरच्या राजवाड्यापासून नैर्ऋत्येकडे निघाले म्हणजे जुन्या पेठांची दाटी मागे पडते आणि काटकोनात एकमेकांना छेदणारे सरळ रस्ते लागतात. नंजनगुडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर येथे एक लहानसे स्टेशन आहे, त्याचेही नाव चामराजपुरम. याच बाजूला लक्ष्मीपुरम, कृष्णमूर्तिपुरम, सरस्वतीपुरम अशा वस्त्या ओळीने वसल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत म्हैसूर शहर ज्या दिशांनी पसरले, त्यांतली ही एक. येथील जुन्या घरांची रचना पाहावी. पुढे रस्ता, मग थोडे अंगण, मग घर, आणि घराच्या पाठीमागे आणखी एक अरुंद गल्ली. मुंबईकर हिला घरगल्ली म्हणेल. भुयारी गटारे नव्हती त्या काळी मैला वाहून नेणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने येऊ नये, मागच्या मागे काम करून जावे, यासाठी ती ठेवलेली असे. आरोग्यशास्त्र आणि जातिभेद हे दोन्ही एकाच नकाशात इतक्या सफाईने आखलेले क्वचितच पाहावयास मिळतील.

या आखणीमागे एक भीती होती. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. १८९७ मध्ये पुण्यात त्याने काय केले, रँडच्या कारभारात घराघरांतून झडत्या कशा झाल्या आणि त्याचा शेवट गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. १८९८ साली हा रोग लोहमार्गाने बंगळुरास पोहोचला आणि तेथून म्हैसूर संस्थानात पसरला. संस्थान सरकारने त्याच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र प्लेग कमिशनर नेमला. त्यांचे नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव, म्हणजेच व्ही. पी. माधवराव. ते कुंभकोणमचे. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास राज्य स्थापल्यानंतर जी मराठी घराणी कावेरीकाठी रुजली, त्यांपैकी एका देशस्थ घराण्यात त्यांचा जन्म झाला. पुढे १९०६ ते १९०९ ते म्हैसूरचे दिवाण होते. त्रावणकोर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपदही त्यांनी भूषविले.

१८९१ च्या शिरगणतीत म्हैसूर शहराची लोकसंख्या ७४,०४८ होती. १९०१ मध्ये ती ६८,१११ वर आली. घट झाली ती मुख्यतः प्लेगामुळे. काही माणसे मेली, काही गाव सोडून गेली. राजवाडाही १८९७ मध्ये जळून गेला होता आणि नव्याचे काम चालू होते. अशा वेळी, ऑगस्ट १९०२ मध्ये, अठरा वर्षांच्या कृष्णराज वाडियारांच्या हाती राज्यकारभार आला. दिवाण होते पी. एन. कृष्णमूर्ती; टिपूनंतर म्हैसूरचे नवे राज्य ज्यांनी उभारले त्या पूर्णय्यांचे वंशज. दुसऱ्याच वर्षी, १९०३ साली, म्हैसुरात सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड, म्हणजे नगरसुधारणा विश्वस्त मंडळ, स्थापन झाले.

असले मंडळ हिंदुस्थानात पहिलेच, असे म्हैसुरात अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान समजण्यासारखा असला तरी हिशेबाला उतरत नाही. मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ चा आहे. गिरगावाकडून क्रॉफर्ड मार्केटकडे जाणारा प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, आणि त्या बी. आय. टी. चाळी, हे सगळे त्याचेच काम. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकरांच्या आयुष्याची कित्येक वर्षे गेली. संस्थानी मुलखात मात्र म्हैसूरने हे पाऊल फार लवकर उचलले, हे मान्य केलेच पाहिजे.

येथे शास्त्राची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. दाट वस्ती, ओल, कोंदटपणा यांतून प्लेग उद्भवतो, अशी त्या काळच्या नगररचनाकारांची समजूत. म्हणून रुंद रस्ते, मोकळी हवा, सूर्यप्रकाश. प्लेगाचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता, आणि तो उंदराच्या पिसवेतून माणसात येतो हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोगाने दाखविले. त्याच्यावर विश्वास बसण्यास मात्र कित्येक वर्षे जावी लागली. म्हणजे चामराजपुरमसारख्या वस्त्यांची आखणी ज्या सिद्धांताच्या आधारे झाली तो अपुरा होता, आणि घरे मात्र चांगली बांधली गेली!

आता मूळ मुद्द्याकडे वळू. म्हैसूर शहरास नगरपालिका नव्हती असे नाही. ब्रिटिश कमिशनच्या अमदानीत, १८६२ मध्येच, तेथे नगरसमिती नेमली गेली होती. मग दुसरे मंडळ कशासाठी? याचे उत्तर त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या मनात स्पष्ट होते. नगरपालिका दिवाबत्ती करील, झाडलोट करील. पण जमिनी ताब्यात घेणे, जुनी घरे पाडणे, नव्या वस्तीचे भूखंड आखून ते विकणे ही कामे मतदारांकडे पाहणाऱ्या माणसांकडून होणार नाहीत. ज्याचे घर पाडायचे तोच उद्या मत देणार! म्हणून हे काम अशा मंडळाकडे द्यावे की ज्यास निवडणुकीचे भय नाही. मुंबईच्या ट्रस्टमध्ये नगरपालिकेने निवडलेले थोडे सभासद होते, पण बहुमत त्यांचे नव्हते.

या युक्तिवादात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. चामराजपुरम, लक्ष्मीपुरम या वस्त्यांचे सरळ रस्ते आज पाहिले म्हणजे, प्रत्येक घरमालकाची समजूत काढीत बसणाऱ्या सभेकडून ते आखले गेले नसते, असेच वाटते. परंतु या व्यवस्थेत एक दोष जन्मतःच होता. शहर वाढविणारा एक आणि वाढलेले शहर सांभाळणारा दुसरा. मंडळाने माळरान घ्यावे, रस्ते काढावेत, भूखंड द्यावेत. आणि मग वस्ती नगरपालिकेच्या पदरात टाकून पुढच्या माळरानाकडे वळावे. दिवा, पाणी, गटार यांचा रोजचा खर्च नगरपालिकेने करावा, आणि रहिवाशांचा रागही तिनेच सोसावा. आखणीच्या वेळी मात्र तिला कोणी विचारलेले नसते. त्या मागच्या गल्ल्यांचेच पाहा. भुयारी गटारे आल्यावर त्यांचे प्रयोजन संपले. पण आखून गेलेले मंडळ त्यांचा विचार करावयास परत येत नाही. कोठे कचरा साठला, कोठे कोणी भिंत पुढे सरकविली, कोठे गाड्या उभ्या राहू लागल्या.

मुंबईने हा पेच आपल्या परीने सोडविला. १९३३ मध्ये तेथील ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला. पस्तीस वर्षांत त्याचे स्वतंत्र आयुष्य संपले. म्हैसूरचे मंडळ मात्र टिकले. संस्थान गेले, भाषिक राज्य आले, १९७७ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी मंडळ होतेच. १९८७ च्या कर्नाटक कायद्यान्वये १९८८ मध्ये त्याच्या जागी म्हैसूर नागरी विकास प्राधिकरण आले. नाव बदलले, अधिकार वाढले. शहर वाढविणारा आणि सांभाळणारा हे दोन वेगळेच राहिले. याच प्राधिकरणाच्या पर्यायी भूखंडांच्या वाटपावरून २०२४ मध्ये मोठे वादळ उठले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्या संस्थेच्या हाती जमीन आहे आणि जिला मतदारासमोर जावे लागत नाही, तिच्याभोवती असे वाद उठावेत यात नवल वाटत नाही.

याच दुखण्यावर दुसरीकडे काय उपाय झाला हे पाहण्यासाठी आपण थोडे फ्रान्समध्ये जाऊ. ल्यों हे तेथील रेशमी कापडाचे जुने शहर. १८३१ आणि १८३४ मध्ये तेथील विणकरांनी बंड केले. ते भय मनात धरून १८५२ मध्ये पॅरिसच्या सरकारने ल्योंच्या भोवतालची तीन उपनगरे शहरास जोडली आणि त्याच फटक्यात शहराचा महापौर काढून टाकून सारा कारभार प्रेफेच्या, म्हणजे सरकारी प्रांताधिकाऱ्याच्या, हाती दिला. या प्रेफेने जुन्या गल्ल्या पाडून रुंद राजरस्ता काढला. मंडळाचा म्हैसुरी युक्तिवादच येथे अर्धे शतक आधी चाललेला दिसतो. ल्योंस आपला महापौर कायमचा परत मिळाला तो १८८१ साली. योगायोग असा की, म्हैसूरचे राज्य वाडियारांच्या हातून इंग्रजांनी घेतले ते १८३१ मध्ये आणि परत दिले तेही १८८१ मध्येच.

पुढे शहर सीमेबाहेर वाढले. शेजारचे व्हिलर्बान ल्योंस अगदी चिकटलेले. एका रस्त्याची एक बाजू या गावात, दुसरी त्या गावात. तरी त्याचा महापौर वेगळा, अंदाजपत्रक वेगळे. फ्रान्समध्ये अशी लहानमोठी स्वतंत्र गावे हजारोंनी आहेत आणि आपले नगरभवन कोणी सोडावयास तयार नसतो. तेव्हा १९६६ च्या कायद्याने ल्यों, बोर्दो, लील आणि स्ट्रासबुर्ग या चार ठिकाणी गावे कायम ठेवूनच त्यांच्या डोक्यावर एक संयुक्त नागरी संघ बसविला गेला. पाणी, रस्ते, आखणी संघाकडे. विवाहनोंदणी, प्राथमिक शाळांच्या इमारती गावाकडे. ल्योंचा संघ १९६९ मध्ये सुरू झाला. १ जानेवारी २०१५ रोजी त्याच्याही पुढची पायरी गाठली गेली. सुमारे साठ गावांच्या या प्रदेशात जिल्ह्याचे अधिकारही संघाकडे आले आणि महानगर ही एकच सत्ता झाली. २०२० मध्ये या महानगराची १५० सभासदांची सभा नागरिकांनी थेट मतांनी निवडली. तोवर सभासद पाठवीत ती गावे. शहराची आखणी करणारा हात मतदाराच्या हाती येण्यास १८५२ पासून १६८ वर्षे लागली असे म्हटले तरी चालेल.

शहर म्हणजे कोठवर, हेही फ्रेंचांनी दोन रीतींनी मोजले आहे. एका रीतीत घरांची सलगता पाहतात. दोन इमारतींमध्ये दोनशे मीटरांहून अधिक अंतर पडले नाही तोवर शहर एकच. दुसऱ्या रीतीत माणूस कामाला कोठे जातो ते पाहतात; गावातले नोकरी करणारे शंभरात पंधरा जरी मध्यवर्ती शहरात जात असतील तरी ते गाव त्या शहराच्या परिघात धरतात. आपल्या शिरगणतीत सलग पसरलेल्या वस्तीचा नागरी समुच्चय मोजतात. २०११ मध्ये म्हैसूर महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ८ लक्ष ९० हजार माणसे होती आणि समुच्चयात सुमारे ९ लक्ष ९० हजार. म्हणजे लाखभर माणसे शहरात राहत होती, पण शहराच्या कारभाऱ्याला मत देत नव्हती. २०२० च्या सुमारास शहराच्या कडेला हूटगळ्ळीस नगरपरिषद आणि बोगादी, श्रीरामपुर, रम्मनहळ्ळी, कडकोळ येथे नगरपंचायती स्थापण्यात आल्या. फ्रान्समध्ये ज्या तुकड्यांना सांधण्यासाठी दीड शतक खटपट झाली, तसलेच तुकडे येथे नव्याने पाडले गेले, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे कठीण आहे. उलट पक्षी, लहान गावाचा कारभार लहानच असावा, असे म्हणणाराही चुकीचे बोलत नाही. व्हिलर्बानचे नागरिक तेच म्हणत आले आहेत.

चामराजपुरम तर मध्यशहरातच आहे. हद्दीचा वाद त्यास शिवत नाही. तेथील रहिवाशास महानगरपालिकेत आपला नगरसेवक पाठविता येतो. पण २०२३ च्या नोव्हेंबरात म्हैसूर महानगरपालिकेच्या सभेची मुदत संपली, नवी निवडणूक झाली नाही आणि कारभार सरकारी प्रशासकाकडे गेला. मुंबई महानगरपालिकेवरही मार्च २०२२ मध्ये असाच प्रशासक आला होता. नकाशा आखणारे मंडळ निवडलेले नसावे, असे १९०३ मध्ये विचारपूर्वक ठरले होते. झाडलोट करणारी सभाही निवडलेली असू नये, असे मात्र तेव्हा कोणी म्हटले नव्हते.