भोर-वेल्ह्याच्या वाटा आणि हौशी शरीर

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी फोन करून विचारले, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा ट्रायथलॉनशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो गुडघ्यापासून सुरू होतो. निवृत्त झालो त्या वर्षी रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी आम्हाला चालायला लावले. चालण्याचे हळूहळू पळणे झाले. शेजारच्या मुलाची जुनी सायकल घरात आली. लहानपणी नीरेच्या डोहात शिकलेले पोहणे अंगात अजून शिल्लक आहे, हेही कळले. पुढची आठ-नऊ वर्षे आम्ही तीन-चार निवृत्त मंडळी भोर आणि वेल्ह्याच्या रस्त्यांवर सराव करीत होतो. (वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणायचे ठरले आहे, पण जुनी जीभ वेल्हेच म्हणते, ते चालवून घ्यावे.) छोट्या शर्यती केल्या. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. दिलेल्या वेळेत संपवण्याचा होता, आणि तोही काही वेळा हुकला.

पण आज पराक्रम सांगायला आलेलो नाही. 'हौशी' या शब्दाने आम्हाला जो त्रास दिला, तो सांगायचा आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोहणे, सायकल आणि पळणे, तिन्ही सलग, मध्ये घड्याळ थांबत नाही, कपडे बदलायचा वेळही त्यातच. या नावाची पहिली शर्यत अमेरिकेत सॅन डिएगोला १९७४ साली झाली. मोठी प्रसिद्धी मिळाली ती हवाई बेटावरच्या आयर्नमॅनला. पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यांच्यात खरा दमदार कोण, असा वाद चालला होता. नौदलातले एक अधिकारी, जॉन कॉलिन्स, यांनी सुचवले की तिन्ही एका दिवसात करून टाका. १९७८ च्या फेब्रुवारीत १५ जण उतरले, १२ जणांनी पुरे केले. पोहणे ३.८ किलोमीटर, सायकल १८०, आणि वर अख्खी मॅरेथॉन. पहिला आलेला गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांनी पोचला. दुसऱ्याच्या मदतनीसांजवळचे पाणी संपले म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली, हेही नोंदलेले आहे. असो. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. आपल्याकडे पुण्याचे कौस्तुभ राडकर यांच्यासारख्या जलतरणपटूने तो रुजवला. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीत झुरिकची शर्यत पुरी केली तेव्हा तो घराघरांत कळला, आणि २०१९ पासून गोव्यात अर्ध्या अंतराची शर्यत भरू लागली.

आता आपल्या मुलखात येऊ. रविवारी पहाटे कापूरहोळहून भोरकडे वळणाऱ्या रस्त्यावर उभे राहा. हेल्मेट घातलेल्यांच्या रांगा दिसतील. दुसरी टोळी खानापूरहून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरते. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरातली धावशर्यत असते. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातल्या सर्वांत उंच किल्ल्यांपैकी. तिथे माणसे पैसे भरून पळत चढतात. आणि त्याच रस्त्याने दुधाचे कॅन लटकवलेला एखादा माणूस जातो. त्याला कोणी हौशी म्हणत नाही.

इथल्या पायांचा इतिहास जुना आहे. १६६० च्या जुलैची ती रात्र शाळेत सगळ्यांनी वाचली आहे. पन्हाळ्याहून विशाळगड, पन्नास-साठ किलोमीटरची वाट, पाऊस, चिखल, आणि खांद्यावर महाराजांची पालखी. ती माणसे बहुतेक बांदलांची होती, आणि बांदल म्हणजे हिरडस मावळचे देशमुख. हिरडस मावळ म्हणजे आजचा भोर तालुका. बाजीप्रभू याच मावळातले. आम्ही घोडखिंडीच्या लढाईबद्दल बोलत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हाला कुतूहल आहे ते खिंडीआधीच्या वाटचालीचे. पालखीला खांदा देऊन रात्रभर पळता येते, ते आयुष्यभर चढ-उतारावर ओझे वाहिल्यामुळे. तो सराव होता, पण त्याला सराव असे नाव नव्हते. तीच गोष्ट मराठी दप्तरांतल्या जासुदांची. पत्रे घेऊन जोडीने पळणारे हे लोक म्हणजे त्या काळचे टपालखाते. त्यांच्यासाठी पळणे हे पोट होते.

'हौशी' हा शब्द आपण आज प्रेमाने वापरतो. ज्या इंग्रजी कल्पनेवरून तो खेळात आला, तिचा जन्म तितका निरागस नाही. १८७९ साली हेन्ले इथल्या नौकाशर्यतीच्या कारभाऱ्यांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली. तिच्यात मजुरीवर काम करणारा कारागीर, यंत्रकामगार, मजूर बसत नव्हता. पैशासाठी शर्यत खेळलेली नसली तरी नाही. कारण उघड आहे: दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याचे दंड साहेबाच्या दंडापेक्षा भरलेले असणार. हा नियम १९३७ पर्यंत टिकला. जिम थॉर्प या मूळनिवासी अमेरिकन खेळाडूने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली आणि पुढच्या वर्षी ती काढून घेतली, का तर उन्हाळ्यात थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. म्हणजे बघा, ज्याला पोटाची चिंता नाही त्याचा घाम शुद्ध, बाकीच्यांचा विटाळलेला. आपल्याला ही विचारसरणी अनोळखी वाटू नये.

आता यातला एक धागा थेट भोरला येतो, आणि तो सापडला तेव्हा आम्ही फार चकित झालो. डेक्कन जिमखाना १९०६ चा. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या मैदानी शर्यतींचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटांकडे आले. त्यांनी पुढे एका पत्रात तिथले दृश्य सांगितले आहे. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची पोरे, खाणे साधे, नियम ठाऊक नाहीत. लांब पल्ल्याला ती खडीच्या रस्त्यावरून अनवाणी पळाली. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावकांच्या जवळपास जात होत्या. बक्षीस समारंभाला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड आले होते. दोराबजींनी त्यांचा पाठिंबा मिळवला, आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा भारतीय संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. ज्या जगात मजुराला हौशी मानायचे की नाही यावर खल चालला होता, त्या जगात आपला संघ शेतकऱ्यांच्या अनवाणी पायांमुळे पोचला.

आणि हे जॉर्ज लॉइड कोण? भाटघरच्या धरणाला ज्यांचे नाव आहे तेच. वेळवंडी नदीवरचा जुना व्हायटिंग तलाव मागे टाकून हे मोठे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले. पाणी अडले भोरच्या खोऱ्यात, आणि गेले नीरेच्या कालव्यांतून खाली बारामती, फलटण, माळशिरसकडे. ऊस तिकडे उभा राहिला. कांबरे गावचे कांबरेश्वराचे जुने देऊळ इकडे वर्षाचे बरेच महिने पाण्याखाली असते आणि उन्हाळ्याच्या शेवटी वर येते. पुढे वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव झाले. पानशेत म्हटले की पुणेकराला १२ जुलै १९६१ आठवतो. शहरात पाणी शिरले त्याचे फोटो आहेत, पुस्तके आहेत. धरणासाठी वरची खाचरे गेली, त्याचे फोटो आम्ही तरी पाहिले नाहीत. वरसगावच्या जलाशयाला बाजी पासलकरांचे नाव दिले. पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख. खोरे बुडवले आणि पाण्याला त्यांचे नाव ठेवले. यात कोणाचा दुष्टावा नसेल, पण विसंगती आहे एवढे म्हणायला हरकत नाही.

आमचा पोहण्याचा सराव या पाण्यात व्हायचा. तलावात भिंत असते, दर पंचवीस मीटरला विश्रांती मिळते. धरणात भिंत नाही, तळ दिसत नाही, थंडीत श्वास आखडतो. म्हणून कमरेला नारिंगी फुगा बांधायचा आणि सोबत गावातल्या मच्छीमाराची होडी ठेवायची. एकट्याने कधीही उतरू नये. या जलाशयांत दरवर्षी पोहता येणारी पोरे बुडतात. दिनक्रम म्हणाल तर पहाटे चारला उठणे, रात्री साडेआठला झोपणे, लग्नकार्ये चुकवणे. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारले होते, "नोकरी सुटली म्हणून पेढे वाटले ना आपण?" सायकलीवर झालेला खर्च त्यांना आम्ही दोन हप्त्यांत सांगितला.

आता ज्या प्रसंगासाठी हा सगळा फेरा घेतला तो. नोव्हेंबर महिना. पानशेतच्या पाण्यात सुमारे दीड किलोमीटर पोहून आम्ही पलीकडच्या काठाला लागलो. तिथे एक म्हातारी भारा उतरवून बसली होती. वयाने आमच्यापेक्षा पाच-दहा वर्षांनी मोठी असावी. थरथरणारा मास्तर बघून तिने विचारले, "बाबा, कुठनं आला?" आम्ही हात करून दाखवले. तिने त्या दिशेला जरा वेळ पाहिले आणि म्हणाली, "म्हंजी आमच्या खाचरावरनं आला की तुम्ही." तिचे माहेर खाली होते. घर, विहीर, चिंच कुठे, ते तिने पाण्यावर बोट फिरवून सांगितले. मग विचारले, "याचं पैसं किती मिळत्यात?" आम्ही म्हटले, "मिळत नाहीत मावशी, आम्हीच भरतो." "मंग कशापायी?"

चाळीस वर्षे वर्गात ॲरिस्टॉटल शिकवला. जी कृती स्वतःसाठीच केली जाते ती श्रेष्ठ, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल. त्या काठावर ते वाक्य तोंडातून निघेना. ॲरिस्टॉटलच्या नगरातही अशी कृती करायला फुरसत होती ती गुलाम राबत होते म्हणून, हे आम्ही परीक्षेपुरते सांगायचो. कोणी गीतेतला निष्काम कर्मयोग पुढे करील, तर तोही इथे लावू नये. शर्यत संपल्यावर मेडलसाठी रांगेत उभे राहणारे आम्हीच असतो. शेवटी खरे ते सांगितले, "साखर वाढली होती." ते तिला पटले. तिच्या जावयालाही साखर होती.

मग तिने आपले सांगितले. धाकटी लेक पलीकडच्या गावात दिलेली. पूर्वी नदी ओलांडली की ते गाव. आता होडी मिळाली तर ठीक, नाहीतर पाण्याला वळसा. आमच्या मच्छीमाराने तिला त्या दिवशी होडीत घेतले. आम्हाला परत पोहून जायचे होते, पण खरे सांगतो, जमले नाही. आम्हीही होडीतच बसलो, ओल्या अंगाने, भाऱ्याच्या शेजारी. मध्यावर आल्यावर तिने खाली वाकून पाहिले. पाणी हिरवेगार होते, काही दिसत नव्हते.

पुढच्या महिन्यात आम्ही तो वळसा सायकलने घातला. रस्ता अर्धा कच्चा, एकदा पंक्चर. दोन तासांच्या वर लागले. पोचलो तेव्हा ती लेकीच्या अंगणात भात पाखडत होती. तिने आम्हाला ओळखले, आणि सायकल हाताने उचलून पाहिली. म्हणाली, "हलकी हाय. ह्यावर भारा ऱ्हाईल का?" आम्ही म्हटले, राहणार नाही.

चहा झाला. निघताना तिने तांदळाची पिशवी दिली. ती सायकलला बांधायला जागा नव्हती, म्हणून पाठीवर घेऊन आलो. घरी वजन केले तर तीन किलो भरले. चढावर ते चांगलेच जाणवले होते.

वेळ झाली आहे. हेन्लेच्या नियमाबद्दल कोणीतरी मघाशी हात वर केला होता, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.