जुन्या संगणकाची बिनतारी जोड : कडोदऱ्याच्या चौफुलीवरून

धुळ्याहून नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा पश्चिमेकडे येणारा महामार्ग मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे छेदतो, ती सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील चौफुली म्हणजे कडोदरा. खानदेशातून रोजगारासाठी सुरतेकडे निघालेल्या कुटुंबांच्या वाटेवरचे हे गाव. त्यांतील बहुसंख्य पुढे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली, आणि त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेने मराठी माध्यमाच्या शाळाही चालविल्या. कडोदरा-पलसाणा पट्ट्याची ओळख मात्र कृत्रिम धाग्याच्या कापडाची रंगाई-छपाई करणाऱ्या कारखान्यांची आहे. अशा औद्योगिक पट्ट्यात कोणतेही यंत्र, मग ते माग असो की कार्यालयातील संगणक, नवे निघाले म्हणून बदलले जात नाही. जोवर ते काम देते तोवर दुरुस्त करून, जोड देऊन चालविले जाते. जुन्या संगणकाला यूएसबी ॲडॉप्टर लावून वायफाय देणे, म्हणजे ज्या संगणकात मुळात रेडिओ नाही त्याला बाहेरून रेडिओ जोडून बिनतारी जाळ्यात आणणे, ही या परंपरेतील अलीकडची प्रथा होय. ही प्रथा रूढ होण्यासाठी हवेतील एक लहरपट्टा कायद्याने मोकळा व्हावा लागला, संगणकाचे खोके न उघडता उपकरण जोडता येईल अशी खाच निर्माण व्हावी लागली, आणि या दोहोंनंतरही तिचे भवितव्य ज्या तिसऱ्या गोष्टीवर ठरते तिच्याकडे ग्राहकाचे आणि धोरणकर्त्यांचे लक्ष आजवर फारसे गेलेले नाही.

या भागात दूरसंपर्क प्रथम आला तो तारेवरून. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या तापी खोरे रेल्वेने सुरत आणि खानदेश जोडले. कडोदऱ्याजवळचे चलथाण हे त्याच मार्गावरील स्थानक. रेल्वेबरोबर तारेचे खांब आले, आणि तारयंत्रावरील सरकारचा अधिकार १८८५ च्या भारतीय तार कायद्याने आधीच निश्चित झालेला होता. बिनतारी संदेशवहनाचा प्रश्न पुढे आला तेव्हा १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरविले. ही तरतूद केवळ कागदावर राहिली नाही. पुढे कित्येक दशके घरातील साध्या रेडिओसाठी पोस्टात परवाना काढावा लागे आणि त्याचे नूतनीकरण करावे लागे, हे जुन्या पिढीच्या वाचकांना ठाऊक आहे. हवा सर्वांची असली तरी हवेतील लहरी सरकारच्या, ही धारणा इतकी खोलवर रुजलेली होती की १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते दूरध्वनीच्या तारेवरूनच येणार हे गृहीतच होते.

ही धारणा प्रथम सैल झाली ती अमेरिकेत. तेथील दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील उपकरणांसाठी राखलेल्या काही लहरपट्ट्यांत, ठरावीक मर्यादेच्या शक्तीने आणि विशिष्ट तंत्राने, विनापरवाना संदेशवहन करण्याची मुभा दिली. त्यांतील २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा हा सूक्ष्मलहरींच्या शेगडीचाही पट्टा असल्यामुळे व्यावसायिक दृष्टीने कमी मोलाचा मानला जात होता. याच दुर्लक्षित पट्ट्यावर १९९७ मध्ये ८०२.११ या नावाचे बिनतारी जाळ्याचे प्रमाण ठरले आणि १९९९ मध्ये त्याची सेकंदाला ११ मेगाबिट वेगाची ८०२.११बी ही आवृत्ती आली. वायफाय या नावाने बाजारात गेली ती मुख्यतः हीच.

भारतातील निर्णायक महिना म्हणजे जानेवारी २००५. त्या महिन्याच्या १४ तारखेला भारत संचार निगमाने आपली ब्रॉडबँड सेवा सुरू केली, आणि महिनाअखेरीस केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात अल्प शक्तीची उपकरणे वापरणाऱ्यांना परवान्यातून सूट देणारे नियम प्रसिद्ध केले. त्या काळच्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास पुरेसा होता. आजच्या मोजमापाने तो क्षुल्लक असला, तरी सतत चालू राहणारी जोडणी या भागातील कार्यालयांना मिळण्याची शक्यता त्यातून प्रथमच निर्माण झाली. नियमांतील भाषाही लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. ही सूट इतरांना अडथळा न करण्याच्या, स्वतःला संरक्षण न मागण्याच्या आणि एकाधिकार न सांगण्याच्या अटीवर दिलेली होती. म्हणजे शेजारच्या गाळ्यातील राउटरमुळे आपली जोडणी मंदावली, तर त्याविरुद्ध कोणाकडे दाद मागण्याची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही. हे न्यून नसून त्या मोकळेपणाची किंमत होती, आणि ती योग्यच होती. कारण याच अटींमुळे कारखान्याच्या लेखनिकाला अर्ज, शुल्क किंवा तपासणी यांवाचून स्वतःचे प्रक्षेपक यंत्र वापरता येऊ लागले.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे खाच. १९९० च्या दशकातील संगणकाला नवे उपकरण जोडायचे तर खोके उघडून आतील पट्टीत कार्ड बसवावे लागे, आणि ते दुसऱ्या कार्डाच्या क्रमांकाशी भिडू नये म्हणून अनेकदा हाताने मांडणी बदलावी लागे. हे काम जाणकार तंत्रज्ञाशिवाय होत नसे. यूएसबी, म्हणजे सर्व उपकरणांसाठी एकच प्रकारची खाच आणि त्याच खाचेतून उपकरणाला वीजही, ही व्यवस्था जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती घडविणाऱ्या इंटेलमधील गटाचे प्रमुख शिल्पकार अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. कडोदऱ्यावरून उत्तरेकडे जाणारा महामार्ग ज्या गायकवाडी राजधानीवरून जातो तेथील विद्यापीठात त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले. मराठी संस्थानिकाच्या नावाचे विद्यापीठ आणि जगातील जवळजवळ प्रत्येक संगणकावर असलेली ही खाच यांचा संबंध मराठी वाचनात क्वचितच येतो, म्हणून त्याची येथे नोंद करणे उचित ठरते.

यूएसबीची १९९८ मधील १.१ ही आवृत्ती सेकंदाला कमाल १२ मेगाबिट वाहून नेत असे आणि ८०२.११बीचा कमाल वेग ११ मेगाबिट होता. दोन वेगवेगळ्या समित्यांनी ठरविलेले हे आकडे एकमेकांना असे जुळले की नव्या शतकाच्या आरंभी यूएसबीवर चालणारे वायफाय ॲडॉप्टर व्यवहार्य ठरले. २००० मध्ये ४८० मेगाबिटची २.० आवृत्ती आणि २००३ मध्ये ५४ मेगाबिटचे ८०२.११जी आल्यावर ही जोडी अधिक भक्कम झाली. जुनी खाच असलेल्या संगणकाला नवे ॲडॉप्टर लावले तरी ते चालते, परंतु वेग खाचेपुरताच मिळतो. दुकानातून आणलेले उपकरण संथ चालते अशा तक्रारींचे मूळ अनेकदा येथे सापडते.

या उपकरणाची रचना जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. अंगठ्याच्या पेराएवढ्या, ज्याला बाजारात नॅनो डोंगल म्हणतात त्या ॲडॉप्टरमध्ये रेडिओ आणि यूएसबीची भाषा दोन्ही जाणणारी एक चिप, कंपनसंख्या स्थिर राखणारा एक स्फटिक आणि मंडलपट्टीवरच तांब्याच्या रेषेने काढलेला अँटेना असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते, त्यामुळे तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटरचा अँटेना पुरतो, आणि म्हणूनच हे उपकरण इतके लहान होऊ शकले. मात्र ते संगणकाच्या मागील खाचेत बसविले की एका बाजूला पत्र्याचे खोके आणि दुसऱ्या बाजूला भिंत अशा सापटीत ते अडकते. धातू या लहरींना परतवितो. त्यातच रंगाई-छपाईच्या आवारात यंत्रे, नळ आणि पत्र्याची छपरे यांची दाटी असते. यावर उपाय साधा आहे : मीटरभर लांबीची यूएसबी वाढीव वायर घेऊन ॲडॉप्टर टेबलाच्या वर, मोकळ्यावर आणणे. २०१२ मध्ये इंटेलने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार यूएसबी ३.० च्या खाचेतून होणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. त्यामुळे निळ्या रंगाच्या या यूएसबी ३.० खाचांलगतही ही वायर उपकारक ठरते.

मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो ही संज्ञा बाजारात आणली आणि लॅपटॉपमध्ये वायफाय अंगभूत झाले. टेबलावरच्या संगणकाच्या वाट्याला ते आले नाही, आणि भारतातील लहान कार्यालयांचा भार तर टेबलावरच्या, सुटे भाग जोडून बनविलेल्या संगणकांवरच होता. ॲडॉप्टरचा ग्राहक येथे तयार झाला. जाळ्याच्या सामग्रीचा हा व्यापार देशी निर्मितीलाही अगदीच पारखा नव्हता. डी-लिंक या परदेशी नावाची भारतीय कंपनी गोव्यात उभी राहिली आणि वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीत तिच्या परंपरेतून जाळ्याची उपकरणे बनत राहिली.

या प्रथेच्या इतिहासात जुलै २००८ चे प्रकरण सर्वांत गंभीर आहे. २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि त्यानंतरच्या काही दिवसांत सुरतेत, सुदैवाने न फुटलेले, अनेक बॉम्ब सापडले. स्फोटांआधी वृत्तसंस्थांना पाठविलेला ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका रहिवाशाच्या संकेतशब्द नसलेल्या वायफायवरून गेल्याचे तपासात दिसून आले, आणि त्या वर्षीचे असेच आणखी ई-मेल मुंबईतील इतर असुरक्षित जोडण्यांवरून गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्या कंपन्यांना वायफाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी आदेश दिले. जुन्या ॲडॉप्टरधारकांवर याचा थेट परिणाम झाला. पहिल्या पिढीतील अनेक ॲडॉप्टरांना केवळ डब्ल्यूईपी हीच संकेतन-पद्धत, म्हणजे संदेश गुप्त करण्याची रीत, अवगत होती, आणि ती २००१ मध्येच भेद्य ठरली होती. तिची जागा घेणारी डब्ल्यूपीए-२ ही पद्धत २००४ ची. राउटर सुरक्षित केला की जुने ॲडॉप्टर बाहेर पडे, आणि ते चालू ठेवायचे तर सगळ्या आवाराची सुरक्षा खाली आणावी लागे. अशा वेळी ॲडॉप्टर बदलणे हाच योग्य निर्णय होता.

कापडधंद्यातील निकड तीव्र झाली ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर. सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी या कराविरुद्ध त्या महिन्यात प्रदीर्घ बंद पाळला, यावरून बदलाची खोली कळते. या धंद्यात विणकराकडचा ग्रे, म्हणजे न रंगविलेला, ताका व्यापाऱ्याच्या चलनावर रंगाईच्या कारखान्यात जॉबवर्कसाठी जातो आणि तयार होऊन परत येतो. मालकी न बदलता माल फिरत राहतो. पूर्वी वहीत राहणारी ही चलने आता आयटीसी-०४ या विवरणपत्रातून संकेतस्थळावर नोंदविणे आले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून गुजरातच्या अंतर्गत मालवाहतुकीसाठी ई-वे बिल, म्हणजे पन्नास हजार रुपयांवरील मालासोबतचा इंटरनेटवर काढलेला वाहतूक-दाखला, आवश्यक झाला. ज्या संगणकावर आतापर्यंत केवळ हिशेब ठेवले जात, त्याला इंटरनेटवाचून गत्यंतर राहिले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यापासून मोबाइलचा डेटा स्वस्त झालेला होताच. फोनवर हॉटस्पॉट सुरू करायचा आणि ॲडॉप्टर लावलेला जुना संगणक त्याला जोडायचा, ही रीत भिंतीत वायर ओढण्यापेक्षा सोपी आणि स्वस्त ठरली.

मात्र खाच आणि लहरपट्टा उपलब्ध असूनही ॲडॉप्टर निरुपयोगी होते ते तिसऱ्या गोष्टीमुळे, आणि ती म्हणजे ड्रायव्हर : उपकरणाची भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला समजावून देणारा छोटा प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम उपकरणाच्या नावासाठी नव्हे तर आतील चिपसाठी लिहिलेला असतो, आणि उत्पादक नाव तेच ठेवून चिप बदलतात. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या लोकप्रिय ॲडॉप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, जिचा मुक्त ड्रायव्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अंगभूत आहे. दुसऱ्या आवृत्तीत रियलटेकची निराळी चिप आली. नाव आणि बाह्य रूप जवळपास तेच, आवृत्तीचा अंक तेवढा वेगळा. उत्पादकाने जुन्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर देणे थांबविले की यंत्र धडधाकट असूनही विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पिवळे चिन्ह दिसते आणि ॲडॉप्टर कचऱ्यात जाते. ही हानी टाळता येण्याजोगी आहे, आणि ई-कचऱ्याच्या नियमांत २०१२ पासून उत्पादकाची जबाबदारी मान्य केलेली असताना ड्रायव्हर खुला ठेवण्याचे बंधन त्यांत नसावे, हे या धोरणातील मोठे न्यून होय.

विंडोज एक्सपीचा सुरक्षा-आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यांपैकी एखादी सिस्टिम असलेल्या संगणकाला ॲडॉप्टर लावणाऱ्याने खरेदीपूर्वी खोक्यावरील आवृत्तीचा अंक वाचावा, त्यातील चिप लिनक्सला चालते की नाही याची खात्री करावी, आणि शक्य तेथे आधी सिस्टिम बदलून मगच संगणक जाळ्यात आणावा. ते शक्य नसेल, तर जुने हिशेब पाहण्यापुरता तो वापरावा आणि विवरणपत्रे दुसऱ्या यंत्रावरून भरावीत.