कारणाच्या रकान्यात गांजा

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका पोराला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मी सोबत होतो. विशीतला पोरगा, गांजा ओढायचा, आता कानात आवाज येतात म्हणतो. डॉक्टर लिहायला लागले तसे वडील हात जोडून म्हणाले, "साहेब, कागदावर तेवढं लिहू नका. पुढं लग्नाचं बघायचंय." दारू असती तर हा माणूस एवढा घाबरला नसता.

गंमत म्हणजे, गांज्याची सरकारदरबारी बदनामी झाली ती अशाच एका कागदावर.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधल्या गांज्याबद्दल प्रश्न विचारला गेला. सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. त्यात तिघे हिंदी होते. त्या काळी गांजा परवान्याच्या दुकानात मिळायचा, सरकार त्यावर कर घ्यायचं. आपल्या नगर जिल्ह्यातही त्याचं पीक निघायचं. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. पण खरं काम केलं ते वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी तपासण्याचं. १८९२ सालात १३४४ जण दाखल झाले होते. त्यातल्या २२२ जणांच्या वेडाचं कारण म्हणून गांजा, चरस, भांग असं लिहिलेलं. एकेका नोंदीच्या मुळाशी गेल्यावर उरले फक्त ९८, आणि त्यातही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणं जोडीला होती.

मग बाकीचे? फॉर्मात 'कारण' असा रकाना होता आणि तो भरायलाच लागायचा. पोलिसांनी रस्त्यावरून कुणी बेवारशी आणला, त्याचं आगापिछा माहीत नाही, तर लिहा गांजा. डॉक्टरांनी तेच उतरवायचं. वर्षअखेर त्याचाच तक्ता व्हायचा, आणि तक्त्यावर कोण शंका घेणार!

आयोगाने बंदी नको म्हटलं. बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, अतिरेक मात्र वाईट, आणि मुळात मन नाजूक असलेल्याला जास्तच, असा निष्कर्ष काढला. (हे शेवटचं आजच्या तरुणांनी दोनदा वाचावं.)

पण बदनामी काही सगळी इंग्रजांनी आणलेली नाही. चिलीम ओढणं हलक्या लोकांचं, भांग पिणं मात्र चालतं, हा भेद आयोगालाही दिसला होता. झाड एकच! आजही कुणाला भंगड म्हणा, हसेल. गांजेकस म्हणा, अंगावर येईल. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातही हीच वाटणी आहे: फुलोरा म्हणजे गांजा, तो गुन्हा. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर, म्हणून होळीला थंडाई चालते. त्यामागे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा दबाव होता हे खरं. पण २०२० साली संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत घातक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं.

तर हा डाग पुसला जाईल का? मला वाटतं काहींचा जाईल. परदेशातून तेलाची बाटली आणून 'वेलनेस' म्हणणाऱ्याचा तर गेलाच आहे. नाक्यावरच्या हमालाचा इतक्यात जात नाही.

बाहेर आल्यावर मी त्या वडिलांना सांगितलं, काका, स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यावर खटला भरू नये अशी तरतूद त्याच कायद्यात आहे, कलम ६४-अ. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोलिसांचं ठीक आहे रे. पण चाळीत काय सांगू?"