देवनारचा डोंगर आणि मांडवीचा डॉक्टर

१/ गोवंडीत राहणाऱ्याला देवनारचा कचऱ्याचा डोंगर रोज दिसतो. त्याची मुळे १८९६च्या प्लेगात आहेत. तो प्लेग प्रथम ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. हा धागा त्यांच्याविषयी.

२/ जन्म १८५६, बारदेशातील हडफडे. १८८० साली ग्रँट मेडिकल कॉलेजची पदवी. मांडवी बंदरालगतच्या दाट वस्तीत दवाखाना आणि जोडीला महापालिकेचे सभासदत्व. रुग्णाच्या उशाशी बसणारा हा माणूस शहराच्या कारभारातही बसत होता.

३/ सप्टेंबर १८९६. मांडवीत धान्याची कोठारे, मरून पडणारे उंदीर, आणि तीव्र तापासह जांघेत, काखेत गाठी उठलेले रुग्ण. व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला आणि २३ सप्टेंबरला स्थायी समितीपुढे तसे स्पष्ट सांगितले.

४/ हे सांगणे सोपे नव्हते. मुंबईत प्लेग आहे असे मान्य करणे म्हणजे परदेशी बंदरांत मुंबईची जहाजे अडणे, व्यापारावर संकट येणे. निदानाबद्दल शंका घेतल्या गेल्या. सरकारने स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करवली. निदान अचूक ठरले.

५/ हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस यांनी सुमारे १८ हजार लोकांना लस टोचल्याची नोंद आहे. त्याच वर्षी सरकारने साथरोग कायदा आणला. पुण्यात सैनिक घरांत शिरले; २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. ओळखीच्या डॉक्टरपुढे दंड पुढे करणारे लोक सैनिकापुढे दार लावून घेत होते.

६/ उंदरावरील पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवले. ते मान्य व्हायला काही वर्षे गेली. तोवर दोष घाणीवर आणि दूषित हवेवर होता. म्हणून १८९९पासून शहराचा कचरा आगगाडीने चेंबूर-देवनारच्या दलदलीत येऊ लागला.

७/ १९०६ साली व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ, त्यांचा पुतळा आहे.

८/ वस्तीतला रोग शहराने नाकारू नये, यासाठी व्हिएगस उभे राहिले. शहराने मात्र आपली घाण दुसऱ्या वस्तीच्या दारात नेऊन टाकली. जानेवारी २०१६मध्ये देवनार पेटले, धूर दूरवर पोहोचला, तेव्हा मुंबईला या डोंगराची आठवण झाली. गोवंडीला ती कधी विसरताच आली नाही.