दर्या, दऱ्या आणि लिनक्स

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. डहाणूचा किनारा आणि जव्हारकडचे डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या तलासरीत दोन्ही शब्द लागतात. हिंदीला मात्र त्या अर्ध्या ‘ऱ’ची गरज पडत नाही. त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या फॉण्टमध्ये दऱ्यांचा दर्या होण्याची भीती असे. अशी चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला, हा या धाग्याचा विषय.

बंदिस्त प्रणालीत तो मालक कंपनीचा. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला, तो हा अधिकार वापरणाऱ्याला मिळावा म्हणून. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. वापरा, वाचा, बदला, वाटा; बदललेलेही त्याच अटींवर वाटा, असा तो परवाना.

याच परंपरेत रेड हॅटने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉण्ट मुक्त केले. त्यांत मराठीसाठी स्वतंत्र फॉण्टही होता. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत, हे एखाद्याने तिथे आग्रहाने मांडले तर ते अमलात येऊ शकत होते. माझ्या मते प्रणाली ‘आपल्याजोगी करणे’ याचा खरा अर्थ हाच; पडद्यावरचे चित्र बदलणे ही त्यातली किरकोळ गोष्ट.

२००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरात येथील मराठी शाळेत मुलांना ‘एक्सओ’ लॅपटॉप मिळाले. आत फेडोरा लिनक्स आणि त्यावर ‘शुगर’ नावाचा मुलांसाठीचा पडदा. त्या कळफलकावर चालू कार्यक्रमाचा मूळ संकेत उघडून दाखवणारी एक खास कळ होती. नवशिक्याच्या हाती थेट यंत्राचे पोट उघडण्याची कळ देणे, हे धाडसच.

आज आरंभ सोपा आहे. २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी टपालाने मोफत येत. आता पेनड्राइव्ह पुरतो. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची फाइल उतरवून ती ‘एचर’सारख्या साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी (त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते) आणि संगणक त्यावरून सुरू करावा. ‘इन्स्टॉल’ न निवडता नुसती चालवून पाहिल्यास हार्डडिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, छपाई तपासावी. जुन्या यंत्रासाठी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. कायमची बसवायची झाल्यास आधी सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. इथे घाई नको.

मग मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडावा. शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग तिरकी रेघ: ऱ्य उमटतो.

आणि तलासरीच्या वाचकांसाठी एक. लिनक्समध्ये प्रत्येक भाषेची एक साधी मजकूर-फाइल असते. तीत वारांची व महिन्यांची नावे लिहिलेली असतात. मराठीची आहे. वारलीची लिहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही; फक्त घरातल्या आजीला विचारून नावे नीट टिपून घ्यावी लागतील.